बिनकड्याचा हळद्या

१

रविवारी सकाळी हळद्याचं घरटं झाडाखाली पडलेलं सापडलं आणि दुपारपर्यंत गुन्हेगार म्हणून माझी भाची ठरलीसुद्धा. एरवी ही पक्षिप्रेमी मंडळी एक पक्षी ओळखायला तासभर भांडतात. माणूस ओळखायला त्यांना पाच मिनिटं पुरली.

"मावशी, तू येशील का गं?" एवढंच ती फोनवर म्हणाली. एकदाही रडली नाही, म्हणून मी तशीच चपला घालून निघाले.

शहराला पाणी पुरवणारा तलाव, काठाला पंपघर, त्यामागे दाट झाडी. हळद्या म्हणजे पिवळाधमक, काळ्या पंखांचा पक्षी. फांदीच्या बेचक्यात झोळीसारखं घरटं विणतो, तेही पानांच्या छत्रीखाली, ऊन लागणार नाही असं. भाचीची पीएच.डी. याच पक्ष्यावर चालली आहे. त्यातही या एका जोडीवर. ही जोडी तीन वर्षं याच काठाला परत येत होती. नराच्या पायात गेल्या वर्षी तिने लाल प्लास्टिकचं कडं घातलं होतं, त्यावरून तो नेमका ओळखता यायचा. बाकीचे हळद्ये आले-गेले, त्यांचा भरवसा नाही. म्हणजे या जोडीवरच तिची तीन वर्षं टांगलेली होती.

शुक्रवारी ती पंपघराची शिडी लावून वर चढली, तिन्ही पिल्लांचं वजन केलं, प्रत्येकाच्या पायात निळं कडं घातलं आणि उतरली. आता पक्षिप्रेमींच्या क्लबचं म्हणणं असं की शिडीच्या भाराने फांदी पिचली आणि शनिवारी रात्रीच्या वाऱ्याने खाली आली. सोमवारी तलावाचे साहेब निर्णय देणार होते. परवानगी रद्द झाली की काठावर पाऊल ठेवायची सोय नाही.

"तू शिडी त्या फांदीला टेकवलीस?" मी विचारलं.

"खोडाला, मावशी. मी काय वेडी आहे?"

मी खाली बसले. विमा कंपनीत आयुष्यभर मी खोटे दावे तपासले आहेत. जळालेली गोदामं, चोरीला गेलेल्या गाड्या, हप्ता भरल्यावर लगेच जिन्यावरून घसरलेले नवरे. खोटं बोलणारी माणसं मला आवडत नाहीत, पण आळशीपणाने खोटं बोलणाऱ्यांची तर मला किळस येते.

तिन्ही पिल्लं झोळीतच मरून पडली होती. चोची उघड्या, पायांत निळी कडी, अंगावर खरचटल्याची खूण नाही. उंचावरून पडूनही झोळीचा काठ जसाच्या तसा. आणि फांदीची पानं सुरळ्या होऊन चुरचुरत होती.

"पोरी," मी म्हटलं, "रात्री पडलेली फांदी दवात भिजून या सावलीत अजून टवटवीत असायला हवी होती. ही अख्खा दिवस उन्हात पडलेली आहे. कोथिंबिरीची जुडी आणणाऱ्या कुणालाही हे कळेल."

"पण शनिवारी दिवसभर इथे माणूस बसला होता," भाची म्हणाली. "समोरच. संध्याकाळपर्यंत घरटं वरच होतं, असं तो सांगतोय."

२

त्या माणसाला क्लबात सगळे ‘तोफ’ म्हणत. धंद्याने इमारतींचा ठेकेदार. त्याच्या कॅमेऱ्याची लेन्स एवढी लांब की ती आधी यायची आणि मागून तो. तोफ आणि क्लबचे अध्यक्ष असे दोघे मला क्लबच्या खोलीत भेटले. अध्यक्ष दातांचे डॉक्टर. त्यांचं हसू बघून आपली दाढ दुखायला लागते.

"दुर्दैवी घटना," दातडॉक्टर म्हणाले. "आम्ही मुलीला दोष देत नाही. आम्ही फक्त नोंदवतो."

"साहेबांना लिहिलेल्या पत्रात तीनदा तिचं नाव नोंदवलंत."

"वस्तुस्थिती आहे, ताई."

मी त्यांना शनिवारचा दिवस सांगायला लावला. झाडासमोर, घरट्याच्या उंचीवर, क्लबने लोखंडी पायपांवर एक लपण उभारलं आहे. हिरव्या कापडाची कोंदट खोपटी, पुढे लेन्सपुरतं भोक. एका दिवशी एकानेच बसायचं. पण आत जाताना दोघांनी जायचं आणि एकाने परत फिरायचं.

"का?"

"पक्ष्याला मोजता येत नाही ना," दातडॉक्टर खुशीत म्हणाले. "दोन आले, एक गेला. त्याला वाटतं, गेली ब्याद. मग निर्धास्त घरट्यावर येतो. शनिवारी सकाळी मी यांना सोडून आलो, संध्याकाळी घेऊन गेलो."

"आणि दिवसभर तुम्ही आत?" मी तोफेकडे वळले.

"दिवसभर." त्याने छाती काढली. "दहा-दहा तास मी बूड हलवत नाही. विचारा कुणालाही. पाणीसुद्धा मोजून पितो. ही साधना आहे, ताई. सगळ्यांना जमत नाही."

"मग झाडाजवळ कुणी फिरकलं नाही?"

"माशी नाही. संध्याकाळी निघेपर्यंत घरटं वर, पिल्लं वर. रात्री वारा सुटला आणि कार्यक्रम आटोपला. फांदी आधीच पिचलेली असणार."

कावळा बसायला आणि फांदी तुटायला गाठ पडते, हे ऐकून होते. इथे कावळाही नव्हता. मी म्हटलं, "तुमचे शनिवारचे फोटो बघायला आवडतील."

असल्या माणसाला जेवलास का हे विचारलं नाही तरी चालतं, फोटो दाखव म्हटलं की तो तुमचा गुलाम. त्याने कॅमेऱ्यावर एकामागून एक चित्रं सरकवली. हळद्या येतोय, हळद्या जातोय, हळद्याचं शेपूट. पानांआड अर्धं दिसणारं घरटं. प्रत्येक चित्रात ऊन डावीकडून येत होतं.

"हे सकाळचे. दुपारचे?"

"दुपारी... कार्ड भरलं."

"कार्ड भरल्यावर तुम्ही नुसतेच बसून राहिलात? साधना म्हणून?"

दातडॉक्टरांनी घड्याळ पाहिलं, कुणाची तरी दाढ आठवली आणि ते घाईघाईने निघून गेले. दार लागलं तसा तो ठेकेदार माझ्या जवळ सरकला आणि हलक्या आवाजात म्हणाला, "ताई, हे कुणाला सांगणार नसाल तर..."

३

शनिवारी सकाळीच त्याचं पोट बिघडलं होतं. एवढीच गोष्ट. दहा तास बूड न हलवणाऱ्या या साधकाला धड दोन तास काढता आले नाहीत. त्याने गाडी बोलावली, घर गाठलं आणि दिवसभर तिथेच राहिला. संध्याकाळी डॉक्टर न्यायला येण्याआधी तो गुपचूप लपणात येऊन बसला, आणि डॉक्टर आल्यावर पाठ चोळत उतरला.

"भोकातून लेन्स काढलीत, तर तिथे काय ठेवलंत?"

"बाटली," तो म्हणाला. "काळी बाटली, बुडाकडून बाहेर. ती तर आमची पद्धतच आहे. रिकामं भोक दिसलं की पक्षी बिचकतो. लांबून बघितलं तर माणसालासुद्धा लेन्सच वाटते."

"आणि संध्याकाळी परत आलात तेव्हा घरटं वर होतं, हे तुम्ही डोळ्यांनी पाहिलंत?"

तो बुटांकडे बघू लागला.

"पाहिलंत का?"

"उजेड गेला होता हो."

"आंधळे झाला होतात?"

"तसं नाही. फोटोपुरता उजेड नव्हता. मग कशाला बघायचं?"

हे उत्तर मी अजून विसरलेले नाही. समोर घरटं आहे की नाही, हे त्याने मान वर करून पाहिलं नव्हतं. पण एका मुलीच्या तीन वर्षांच्या कामावर पाणी पडेल अशी साक्ष तो छातीठोकपणे देऊन मोकळा झाला होता. का, तर आपल्याला जुलाब झाले हे क्लबात कळू नये म्हणून.

"तुमची ही साक्ष उद्या बदला," मी म्हटलं.

"क्लबात तोंड दाखवायला जागा राहणार नाही, ताई."

"आताही ते दाखवण्यासारखं नाहीच."

म्हणजे शनिवारी दिवसभर लपणात फक्त एक बाटली होती आणि झाड कुणालाही मोकळं होतं. मी भाचीबरोबर परत त्या फांदीपाशी गेले आणि या वेळी साल बोटाने चाचपली. फांदीभोवती वळसे घेत गेलेली एक बारीक, ताजी खाच होती. कुणीतरी ही फांदी हाताने पिळून तोडली होती, खाली आणली होती आणि तारेने कशाला तरी बांधून उभी केली होती. पंपघराच्या कुंपणाच्या एका खांबावर, पोटाच्या उंचीला, तशाच वळशांनी गंज खरवडला गेला होता. तिथे सावली नव्हती. सकाळपासून संध्याकाळपर्यंत रखरखीत ऊन.

भाची त्या खांबाकडे बघत राहिली. "मावशी," ती म्हणाली, "ती पडून मेली नाहीत. भाजून मेली."

४

शनिवारी दुपारी तलावावर एकच व्यक्ती आली होती, हे चौकशीत कळलं. क्लब तिला ‘पक्षिमाता’ म्हणतो, आणि हे नाव बाईंनी स्वतःच रूढ केलं असावं असा माझा अंदाज आहे. प्रत्येक फोटोखाली चार ओळींचं काव्य, प्रत्येक वाक्यात ‘निसर्ग’. मुंगी दिसली तरी डोळे भरून येतात, मोलकरणीशी मात्र ओरडल्याशिवाय बोलत नाहीत. हे मी दारात उभी असतानाच ऐकलं.

दिवाणखान्याच्या खिडकीत टीचभर उंचीची झाडं मांडलेली होती. प्रत्येकाच्या फांद्यांना तार गुंडाळून, वाकवून, हव्या त्या दिशेला वळवलेलं. झाडाने मोठं होऊ नये म्हणून एवढी मेहनत घेणारी माणसं मी पहिल्यांदाच जवळून पाहत होते.

"माझी लेकरं," बाई म्हणाल्या.

"दिसतंय."

"मी तिकडे बघायलासुद्धा गेले नाही हो. मला सोसवलं नसतं. ती इवलीशी पिल्लं!" त्यांनी डोळ्यांना पदर लावला. "तुमच्या भाचीवर माझा राग नाही. लहान आहे. पण पक्ष्यांना हात लावायचाच कशाला? मी आयुष्यात कधी घरट्याला बोट लावलेलं नाही."

"शनिवारी दुपारी गेला होतात ना?"

"फिरायला. लांबूनच परतले. आमचे ठेकेदार लपणात बसले होते, त्यांच्या कामात व्यत्यय नको."

"दिसले तुम्हाला?"

"ते कसे दिसतील? लेन्स दिसली. हळद्या उडाला की त्याच्यामागे हळूहळू फिरत होती. मी मनात म्हटलं, केवढी ही एकाग्रता!"

मी चहा संपवला आणि उठले. बाटली पक्ष्यामागे फिरत नाही. बाईंना नटवून सांगायची खोड आहे म्हणून हे मी सोडूनही दिलं असतं. पण तोफ लपणात होती हे ठासून सांगण्यात एक सोय होती. तो तिथे असला, तर शनिवारी झाडाला कुणी हात लावलेला नाही. मग दोष शुक्रवारचा, म्हणजे माझ्या भाचीचा.

संशय होता, वळशांची तार होती, पण अशी तार कुठल्याही दुकानात मिळते. साहेबांसमोर एवढ्यावर निभावणार नव्हतं. मी जिन्यापर्यंत पोचले तेव्हा बाई मागून लाडिकपणे म्हणाल्या, "उद्या क्लबात येताय ना? फोटो-प्रदर्शनाची चित्रं लागली आहेत. माझं या हळद्याचंच आहे. शेवटची आठवण!"

५

चित्र सुंदर होतं, हे मी कबूल करते. भिंतीवर मधोमध, सगळ्यांत मोठं. घरटं अगदी उघडं, तिन्ही पिल्लं चोची वासून झोळीच्या काठावर ओणवलेली, वर पिवळाधमक हळद्या अळी भरवतोय. खाली शीर्षक ‘मातृत्व’ आणि तारीख गुरुवारची. गुरुवारी लपणात बसायची पाळी बाईंचीच होती.

"मावशी, हा नर आहे," भाची माझ्या कानात म्हणाली. "मादी हिरवट असते."

"मग मातृत्व?"

"भाव महत्त्वाचा," मागून पक्षिमाता म्हणाल्या.

तलावाचे साहेब टेबलामागे बसले. दातडॉक्टरांनी क्लबचं पत्र वाचून दाखवलं. भाची समोर हाताची घडी घालून उभी होती, आणि ती घडी किती घट्ट आहे हे मला दिसत होतं.

मी आधी फांदीच्या पानांची गोष्ट सांगितली, मग तोफेकडे पाहिलं. तो उठला, घशातल्या घशात म्हणाला की शनिवारी तब्येत ठीक नसल्यामुळे लपणात फक्त बाटली होती, आणि बसला. मागच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. साहेबांनी काहीतरी लिहून घेतलं.

"बाई," मी पक्षिमातेला म्हटलं, "तुम्ही लेन्स फिरताना पाहिलीत. बाटली कशी फिरली?"

"मला तसं वाटलं असेल. कलावंताचं मन."

"बरं. हे चित्र गुरुवारचं?"

"तारीख लिहिली आहे की. आणि पिल्लांचे पाय बघा ना. कडी आहेत का? ती तर शुक्रवारी घातली. म्हणजे चित्र आधीचंच."

सगळ्यांनी माना डोलावल्या. खरंच, पिल्लांचे पाय स्वच्छ होते. मी चित्राजवळ गेले.

"पिल्लांचं राहू द्या. बापाचा पाय बघू. या हळद्याच्या पायात गेल्या वर्षापासून लाल कडं आहे. यांच्या शनिवार सकाळच्या फोटोंत ते दिसतं." मी तोफेकडे बोट केलं. "तुमच्या चित्रातला हळद्या बिनकड्याचा कसा?"

खोलीत चुळबुळ झाली. बाईंच्या गालांवर रंग चढला, पण तो लाजेचा नव्हता.

"ते मी काढलं," त्या म्हणाल्या. "कॉम्प्युटरवर. सगळेच काढतात, अध्यक्षसुद्धा काढतात! रानातला पक्षी रानातला दिसायला नको? बापाच्या पायात ते लाल आणि वर पिल्लांच्या पायांत निळी, चित्र आहे का बांगड्यांचं दुकान? तासभर बसून एकेक पुसलं मी. त्याला डोळा लागतो!"

तेवढ्यात भाचीच म्हणाली, अगदी सावकाश, "काकू, गुरुवारी पिल्लांच्या पायांत काहीच नव्हतं. मग तुम्ही पुसलंत काय?"

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. बाईंचं तोंड त्या पिल्लांसारखं उघडं राहिलं. साहेबांनी मूळ फाइल मागितली, बाई म्हणाल्या ती पुसली गेली. कॅमेरा बघू म्हटल्यावर त्यांनी पिशवी छातीशी धरली आणि मग रडू लागल्या.

"मी परत वर बांधणार होते! पाच मिनिटांचंच काम होतं. हळद्या खाली येऊन भरवतसुद्धा होता. पण उजेड इतका सुंदर पडला होता... इतका सुंदर उजेड मला परत मिळाला नसता."

"आणि पिल्लं?" भाचीने विचारलं.

"ती मान टाकत होती, मला वाटलं झोपाळली."

बाईला प्रत्येक पिल्लाच्या पायातलं कडं दिसलं होतं, कारण ते चित्र खराब करत होतं. पिल्लू मरतंय हे दिसलं नाही, कारण त्याने चित्र खराब होत नव्हतं. अशा माणसांवर रागावणं मी केव्हाच सोडून दिलं आहे, राग थोडा तरी बरोबरीच्या माणसावर धरावा.

६

साहेबांनी भाचीची परवानगी कायम केली, लपण काढायला सांगितलं आणि बाईंविरुद्ध तक्रार वर पाठवतो म्हणाले. दातडॉक्टरांनी आधी ‘मातृत्व’ भिंतीवरून उतरवलं आणि मग त्या जागी स्वतःचा बगळा टांगला. पिल्लं गेल्याचं त्यांना वाईट वाटलं असेलही, पण खिळा सरळ आहे ना हे त्यांनी दोनदा पाहिलं. तोफेने साहेबांना हळूच विचारलं की पोटाचा उल्लेख लेखी हवाच का.

आम्ही निघालो तशी सगळी मंडळी दारात आमच्याभोवती जमली. माफी मागायला असतील असं क्षणभर वाटलं.

"बेटा," दातडॉक्टर मायेने म्हणाले, "घरटं मोडलं की हळद्या त्याच हंगामात दुसरं बांधतो म्हणतात. खरं का? तू अभ्यासक. ही जोडी आता कुठे बांधेल, काही अंदाज?"

एकाचंही हसू खोटं नव्हतं. सगळ्यांच्या गळ्यात कॅमेरे होते.

भाचीने सगळ्यांकडे एकदा पाहिलं. "ती दोघं गेली," ती म्हणाली. "तलाव सोडून गेली. परत येणार नाहीत."

"अरेरे," साहेब दारातून म्हणाले. "म्हणजे तुमचा या जोडीचा अभ्यास?"

"संपला. तसं लिहून देते."

तिने तिथेच, उभ्याउभ्या, लिहून दिलं. मंडळी हळहळली आणि पांगली. माझ्या भाचीला कसली अवदसा आठवली म्हणून मी रस्त्याला लागेपर्यंत धुमसत होते. एवढी उरस्फोड करून मी तिची तीन वर्षं वाचवली, आणि हिने दोन ओळींत ती देऊन टाकली.

"अगं, गेली तर गेली, पण लिहून द्यायची काय घाई होती? चार दिवस शोधलं असतंस!"

"शोधायला कशाला हवं?" ती चालता चालता म्हणाली. "आज सकाळीच पाहिलं मी त्यांना. गवताच्या काड्या नेत होती. नवीन बेचकं धरलंय."

मी थांबले. "मग खोटं का बोललीस?"

"मी गेले की माझ्यामागे ही सगळी येणार. शिडी कुठे टेकते तेवढंच बघायचं त्यांना. आता मीसुद्धा तिकडे जाणार नाही."

"आणि तुझी पीएच.डी.?"

"दुसरी जोडी बघेन. पहिल्यापासून." हे म्हणताना तिचा आवाज फाटला. या दोन दिवसांत पहिल्यांदाच ती रडली, भर रस्त्यात, तोंड न झाकता.

मी तिच्या पाठीवर हात ठेवला. माझ्याकडे जगातल्या प्रत्येकासाठी एक टोमणा तयार असतो, त्या वेळी एकही सापडला नाही. जरा वेळाने मी विचारलं, "कुठल्या झाडावर गं?"

तिने डोळे पुसले आणि मान हलवली.

"तुलाही नाही सांगणार, मावशी."